शिवेवरचा बेहडा

मुलांनो, दोन घरांच्या मधली जागा कोणी झाडायची, हा प्रश्न तुमच्या आळीत कधी पडला आहे का? याने म्हणायचे ती त्याची, त्याने म्हणायचे ती याची, आणि पालापाचोळा मात्र तिथेच साठत राहायचा. अशीच एक जागा एका जंगलात होती. तिची गोष्ट आज सांगते. गोष्ट दुःखाची आहे, पण ऐकून ठेवण्यासारखी आहे.

दोन टेकड्यांच्या मधोमध ते जंगल पसरले होते. उगवतीच्या अंगाला रानडुकरांचा कळप राही आणि मावळतीच्या अंगाला गव्यांचा. दोन्ही कळप तिथले फार जुने रहिवासी. त्यांच्या मधे गवताचा आणि बांबूचा एक लांब पट्टा होता. वरच्या खिंडीपासून तो खाली ओढ्यापर्यंत जाई. त्याला सगळे शीव म्हणत. शीव कोणा एकाची नव्हती, दोघांची होती. तिच्या मध्यावर एक जुना बेहडा उभा होता आणि त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची एक जोडी दरवर्षी संसार मांडत असे.

या जंगलाची एक रीत होती. दर माघात, गवतावरचे दव उन्हे वर येईपर्यंत टिकते त्या दिवसांत, ही जनावरे आपले रान थोडे थोडे करून जाळत. दचकू नका. काडी ओढून फेकून द्यावी तशी ही आग नव्हती. आदल्या दिवशी ससे, लावे, सरडे, साप, सगळ्यांच्या दारी निरोप जाई. डुकरे मुस्काटाने माती उकरून कोरी वाट काढीत, गवे खुरांनी गवत तुडवून तशीच वाट करीत. मग घार रानाबाहेरच्या गुराख्यांच्या शेकोटीतून एक धुमसती काडी पंजात धरून आणी आणि सांगितलेल्या जागी टाकी. ओलसर गवतातली ती आग ढोपराएवढीच वाढे. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने ती पुढे सरके, वाळलेले तेवढे खाई आणि कोऱ्या मातीपाशी येऊन विझून जाई. थोड्याच दिवसांत काळ्या राखेतून कोवळे हिरवे कोंब वर येत.

एकदा गावाकडच्या देवळातून एक वानर तिथे राहायला आला. हा प्रकार पाहून तो म्हणाला, "स्वतःच्या घराला आग लावणारी जनावरं आज पहिल्यांदाच पाहिली. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

डुकरांच्या कळपातली सर्वांत वडील रानडुकरीण माती उकरता उकरता म्हणाली, "बाबा रे, आम्ही तिला वर्षाला एक घास भरवतो. उपाशी ठेवली, तर ती न बोलावता पंगतीला येते आणि सगळ्यांच्या पानातलं खाऊन जाते." वानर तिची थट्टा करायला टपला होता, पण हे ऐकून तो झाडावर जाऊन बसला.

आपापले रान जाळून झाले, की शेवटी शिवेची पाळी येई. शिवेचा नियम कडक होता. ती एकट्याने जाळायची नाही. एका बाजूने आग लावली, तर पलीकडे ती अडवायला कोणी नसते आणि ती शेजाऱ्याच्या रानात शिरते. म्हणून उगवतीच्या काठाला डुकरे आणि मावळतीच्या काठाला गवे उभे राहत. जो आधी येई तो हाळी देई, दुसरा पलीकडून ओ देई. ओ ऐकू आली, की घार दोन्ही काठांवर काडी टाकी. दोन आगी एकमेकींकडे चालत येत आणि मधे खायला काही न उरल्यामुळे विझून जात. बेहड्याभोवती मात्र दोन्ही कळप मिळून आधीच मातीचे कडे काढून ठेवीत. त्यामुळे झाडाला आच लागत नसे.

राख थंड झाली, की धनेशाची मादी ढोलीत जाऊन बसे. तिची तऱ्हा जगावेगळी असते. आत गेल्यावर ती ढोलीचे तोंड चिखलाने आणि विष्ठेने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग तिची उडण्याची पिसे गळून पडतात. अंडी उबवून पिल्लू मोठे होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही. नर दिवसभर फळे आणून त्या फटीतून तिला भरवत असतो. त्यामुळे ढोलीत जाण्याआधी ती नेहमी एवढेच विचारी, "शीव जाळून झाली का?"

असे किती तरी माघ आले आणि गेले. मग एका वर्षी एक बिघाड झाला.

त्या सकाळी डुकरे वेळेवर आली. गवे आले नाहीत. वाटेत त्यांना खारट माती सापडली होती आणि ती चाटत ते उभे राहिले होते. रानडुकरिणीने हाळी दिली, पुन्हा दिली. दव उडून चालले होते. शेवटी तिचा धीर सुटला आणि ओ येण्याआधीच तिने घारीला काडी टाकायला सांगितले. आग पलीकडे निघाली, तेवढ्यात गवे धापा टाकीत येऊन पोचले. सगळ्यांनी मिळून ती कशीबशी आवरली. नुकसान असे काही झाले नाही. फक्त रानडुकरिणीच्या शेपटीचा गोंडा जळाला.

कळपाचा म्होरक्या गवा रागाने म्हणाला, की ओ ऐकल्याशिवाय आग टाकायची ही कुठली रीत. रानडुकरीण म्हणाली, की तुझ्या ओची वाट पाहत बसले असते तर पाऊस पडला असता. इथपर्यंत ठीक होते. दोघेही अर्धे खरे बोलत होते. पण गव्याला राहवले नाही. तो म्हणाला, "शेपटीचं एवढं काय घेऊन बसलीस? जळायच्या आधी तरी ती कुठे कोणाला दिसत होती?"

गव्यांची पोरे फिदीफिदी हसली.

रानडुकरीण त्याच्या चारी पायांकडे बघत म्हणाली, "आणि तू रे? पांढरे मोजे घालून वरातीला निघाल्यासारखा कामाला येतोस. मळतील म्हणूनच उशीर झाला असेल, नाही का?"

आता डुकरांची पोरे हसली. गव्यांचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तोवर त्या पायांना कोणी हसले नव्हते. गवा वळला आणि निघून गेला. त्याच्यामागे त्याचा कळप गेला. जळालेल्या शेपटीची जखम आठवड्यात भरली. ते हसणे मात्र दोघांच्याही मनात राहून गेले.

पुढच्या माघात दोघांनी आपापले रान झटून जाळले. शिवेवर कोणीच आले नाही. आणि मुलांनो, काही झाले नाही. उन्हाळा आला तसा गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही शीव तशीच राहिली आणि पुन्हा काहीच झाले नाही. मग दोघांनाही वाटू लागले, की शीव नाही जाळली तरी काही अडत नाही. तिकडे शिवेवर मात्र गवतावर गवत पडत होते, बांबूची वाळकी पाने थरावर थर चढत होती आणि घाणेरीची झुडपे इतकी माजली होती, की या काठावरून त्या काठावरचे काही दिसेना.

तिसऱ्या वर्षी माघ लागला, तसा धनेश आधी रानडुकरिणीकडे गेला. "मावशी," तो म्हणाला, "बेहड्याच्या बुंध्याशी पाचोळा माझ्या उंचीच्याही वर गेला आहे. माझी बायको आत बसणार. तिला मग बाहेर पडता येणार नाही. यंदा तरी शीव जाळा."

रानडुकरिणीने त्याला आपल्या रानात फिरवले. बघ, म्हणाली, एक वाळकं पान दाखव. धनेशाला एकही दिसले नाही. "मग?" ती म्हणाली. "माझं काम मी चोख केलं आहे. शिवेला दोघं लागतात. त्याला सांग."

धनेश गव्याकडे गेला. गव्यानेही त्याला आपले रान दाखवले. तेही तसेच लख्ख होते. गवा म्हणाला, की मी कधी नाही म्हटले? तिने बोलावले तर मी येतो. धनेश परत फिरला. रानडुकरीण म्हणाली, की तो काठावर आला तर मी बोलावते. बिचारा धनेश दिवसभर या रानातून त्या रानात उडत राहिला. त्याची चोच जड, उडताना त्याच्या पंखांचा केवढा आवाज होतो. दोघेही म्हणत होते की आम्ही तयार आहोत. पहिले पाऊल तेवढे दुसऱ्याने टाकावे. अखेर धनेशाने विनवून विनवून दोघांकडून कबूल करून घेतले, की उद्या दव असेतो दोघांनी आपापल्या काठावर यायचे.

त्याने घरी येऊन बायकोला सांगितले, "उद्या शीव जळेल." तिने मान हलवली. तिच्या पोटातली अंडी जड झाली होती. तो सकाळीच ढोलीसाठी ओली माती आणायला ओढ्यावर गेला, कारण राख थंड झाल्याबरोबर ती आत बसणार होती.

त्या सकाळी रानडुकरीण कळप घेऊन काठावर आली. समोर घाणेरीची भिंत होती. पलीकडचे काही दिसत नव्हते. हाळी द्यावी असे तिला वाटले. मग वाटले, मीच का? तो आला असेल तर तो देईल. पलीकडच्या काठावर, तितक्याच अंतरावर, गवाही कळप घेऊन उभा होता. त्यालाही तेच वाटत होते. दोघे कान टवकारून उभे राहिले. दव उडाले. उन्हे चढली. रानडुकरीण म्हणाली, "पाहिलंत? नाहीच आला." गवा म्हणाला, "ठाऊकच होतं मला. नाही आली." आणि दोन्ही कळप आल्या वाटेने परत गेले.

घार वरून हे सगळे पाहत होती. तिने दोघांनाही पाहिले. पण तिला कोणी हाक मारली नव्हती, आणि हाक मारल्याशिवाय बोलायचे नाही, हा तिचा स्वभाव होता.

धनेश परतला तो शीव तशीच उभी. त्याने घारीकडून खरे काय ते ऐकले आणि तो जीव तोडून दोघांकडे गेला. ती आली होती, तुम्हाला दिसली नाही, असे त्याने गव्याला सांगितले. तो आला होता, असे रानडुकरिणीला सांगितले. दोघांनीही विश्वास ठेवला नाही. "तू तिचीच बाजू घेणार," गवा म्हणाला. "तू त्याचा माणूस," रानडुकरीण म्हणाली.

मग धनेश घारीला म्हणाला, "ताई, तूच एक काडी टाक. एका बाजूने तर एका बाजूने."

घारीने दोन्ही रानांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "एका बाजूने लावली तर ती दुसऱ्या बाजूची पिल्लं खाईल. तुझं घर वाचवायला मी कोणाचं घर जाळू, ते तू सांग." धनेश बेहड्याकडे परत गेला.

थोड्या दिवसांत दव पडायचे थांबले. गवत कडकडीत वाळले. आता आग लावणे कोणालाच शक्य नव्हते. दुसरी मोकळी ढोली जवळपास कुठे नव्हती. धनेशीण म्हणाली, "अंडी काही भांडण मिटायची वाट पाहत नाहीत." ती आत गेली आणि तिने ढोलीचे तोंड लिंपून घेतले. धनेश फटीतून फळे भरवू लागला. पुढे आतून पिल्लाची चिवचिवही ऐकू येऊ लागली.

वैशाखात एके दुपारी वरच्या खिंडीत धूर दिसला. आग कुठून आली, कोणालाच कळले नाही. वारा सुटला होता. आग आधी डुकरांच्या रानाला भिडली. तिथे खायला काही नव्हते, तिथे ती विझली. मग गव्यांच्या रानाला भिडली, तिथेही विझली. मग तिला शीव सापडली. पुराचे पाणी ओढ्याच्या पात्रातून यावे तशी ती शिवेतून खाली धावत आली. आता ती ढोपराएवढी नव्हती. बांबू बंदुकीसारखे फुटत होते.

दोन्ही कळप आपापल्या स्वच्छ रानात सुखरूप उभे होते. तेवढ्यात धनेशाची हाक आली. तो ओरडून सांगत होता, की झाडाभोवती कडे काढा, अजून वेळ आहे. रानडुकरीण तशीच घाणेरीत घुसली. पलीकडून गवाही घुसला. दोघे बेहड्याच्या बुंध्याशी समोरासमोर आले. किती वर्षांनी ते एकमेकांना पाहत होते. ती मुस्काटाने उकरू लागली, तो खुरांनी तुडवू लागला. पण माघातल्या ओल्या सकाळी हसतखेळत होणारे काम ते. इथे तीन वर्षांचा पाचोळा होता. कितीही उकरला तरी खाली माती लागत नव्हती.

धुरात रानडुकरीण म्हणाली, "त्या दिवशी तू खरंच आला होतास?"

"आलो होतो."

"मग हाक का नाही दिलीस?"

गव्याने मान खाली घातली. "तू का नाही दिलीस?" तो म्हणाला. ज्वाळा अगदी जवळ आल्या. गव्याच्या कातड्याला फोड आले, तिचे केस जळू लागले. दोघांच्याही मागे त्यांची पोरे रडत होती. शेवटी दोघांना मागे सरावे लागले. ती त्याच्या बाजूला सरली, कारण तिची वाट बंद झाली होती. गव्यांनी तिला आपल्यामधे घेतले.

वर धनेश ढोलीपाशी होता. तो म्हणाला, "लिंपण फोड आणि बाहेर ये."

आतून ती म्हणाली, "बाहेर येऊन काय करू? पिसं गळलीत माझी. आणि पिल्लू?" मग ती खोकली. "धूर आत येतो आहे. फट लिंपून टाक. सकाळी उघड."

धनेश ओढ्यावर गेला. चोचीत ओली माती घेऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. ज्या फटीतून तो तिला घास भरवत असे, ती त्याने आपल्याच चोचीने बुजवली. मग आच सोसेना, तेव्हा तो उडाला. आगीने बेहड्याला विळखा घातला आणि ती खाली ओढ्याकडे निघून गेली. संध्याकाळपर्यंत ती ओढ्याच्या काठी विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीव काळीभोर मोकळी पडली होती. बेहडा उभा होता, पण त्याची साल शेंड्यापर्यंत कोळसा झाली होती. रानडुकरीण आणि गवा त्याच्याखाली शेजारी शेजारी उभे होते. धनेश चोचीत उंबर घेऊन आला. त्याने फटीवरची माती काढली आणि उंबर आत धरला. तो कोणी घेतला नाही.

तात्पर्य : आपापले अंगण लख्ख ठेवले म्हणजे काम संपत नाही. दोघांनी मिळून करायचे काम मानापमानासाठी अडून राहिले, तर त्याची शिक्षा भांडणाऱ्यांना होत नाही, त्यांच्या मधे राहणाऱ्याला होते.